पाळलेली भुते आणि त्यांचे मालक: मलय लोकश्रद्धेतील काळी विद्या

मलय लोकांच्या भुतांविषयीच्या कल्पना बाहेरच्या वाचकापर्यंत बहुधा भयकथांच्या रूपाने पोहोचतात. बाळंतपणात मरण पावलेली आणि मानेच्या मागच्या छिद्रातून रक्त शोषणारी लांब केसांची लांगसुइर, किंवा धडापासून सुटून आतड्यांसह रात्री उडणारे पेनांग्गालानचे डोके, अशा प्रतिमा मनावर पटकन ठसतात आणि त्यामुळे या श्रद्धांचा एक फार महत्त्वाचा भाग झाकला जातो. मलय द्वीपकल्पात, सुमात्रा आणि बोर्निओच्या किनाऱ्यांवर सर्वाधिक धास्ती ज्या भुतांची होती त्यांतील पुष्कळशी मोकाट फिरणारी नव्हती, तर पाळलेली होती. त्यांना मालक होता, राहण्याची जागा होती, ठरलेले खाणे होते आणि वारसही होता. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला मांत्रिक ज्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी धडपडत असे तो प्रश्न भूत कोणते आहे एवढाच नव्हता. ते कोणाचे आहे, हा त्याहून मोठा प्रश्न होता. या लेखात मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे, कारण मलय काळ्या विद्येचे सामाजिक स्वरूप त्यातूनच उलगडते असे मला वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी समजून घ्यावी लागेल. मलय समजुतीप्रमाणे माणसात, जनावरात, भाताच्या लोंबीत, इतकेच नव्हे तर खाणीतल्या कथिलाच्या खनिजातही एक जीवनशक्ती असते, तिला सेमांगात म्हणतात. माणूस भ्याला, दचकला किंवा फार अशक्त झाला की त्याचे सेमांगात पातळ होते किंवा शरीर सोडून भरकटते, आणि अशा माणसावर बाहेरच्या शक्तींचा ताबा सहज बसतो. हे सेमांगात परत बोलावणे, त्याला गोंजारणे आणि शरीरात घट्ट बसवणे हे बोमोहचे, म्हणजे रोग बरे करणाऱ्या मांत्रिकाचे काम. पावांग हा त्याचाच भाऊबंद; पण त्याचा संबंध शेती, मासेमारी, शिकार आणि खाणकाम यांच्याशी अधिक असे. हे दोघेही समाजाच्या उजेडात वावरणारे आणि मान मिळवणारे लोक होते, आणि गावाला त्यांची गरज होती. मात्र जो माणूस बरे करू शकतो त्याला बिघडवताही येत असणार, हा संशय त्यांच्याभोवती नेहमी घुटमळत राहिला. दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी वापरलेल्या विद्येला मलय भाषेत इल्मू हितम, म्हणजे काळी विद्या, असे नाव आहे.

या विद्येचे मंत्र वाचताना मराठी वाचकाला काही शब्द एकदम ओळखीचे वाटतील. इस्लाम या प्रदेशात रुजण्यापूर्वी कित्येक शतके येथे हिंदू आणि बौद्ध राज्यांचा प्रभाव होता, आणि मलय मंत्रांमध्ये बतारा गुरू या नावाने शिव आणि बतारा काल या नावाने काळरूप देवता आजवर टिकून राहिल्या आहेत. इस्लामच्या येथील आरंभीच्या खुणांपैकी, द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरेंगानू येथे सापडलेल्या शिलालेखाचे वर्ष सामान्यतः 1303 मानले जाते, आणि पंधराव्या शतकात मलाक्काच्या सुलतानशाहीबरोबर इस्लाम साऱ्या द्वीपकल्पात पसरला. त्यानंतरही जुने मंत्र पुसले गेले नाहीत. त्यांच्या आरंभी अल्लाचे नाव आणि शेवटी कलमा आला, आणि मधल्या ओळींमध्ये हिंदू देव, जिन्न, जंगलातील भुते आणि पैगंबर एकत्र नांदू लागले. या पैगंबरांपैकी पाण्यावर खिज्रची, झाडांवर नूहची आणि धातूंवर दाऊदची सत्ता मानली जाऊ लागली. हा गोंधळ आहे असे काहींना वाटेल, पण मंत्र म्हणणाऱ्याच्या दृष्टीने ती अधिकाराची उतरंड होती आणि वरच्याचे नाव घेऊन खालच्याला हुकूम सोडता येत असे.

आता भुतांकडे येऊ. मालक नसलेली भुते जागेला बांधलेली असतात. जुने झाड, नदीचे वळण, वारूळ, ओसाड जमीन यांचा एखादा राखणदार असतो आणि त्याला न विचारता जागा मोडली तर तो कोपतो. 1970 च्या दशकात सेलांगोरमधील इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत काम करणाऱ्या खेड्यांतल्या तरुण मुली अचानक किंचाळू लागत, सूक्ष्मदर्शकात त्यांना भूत दिसे आणि पाहता पाहता अनेक जणींना झटके येत. त्याचा अर्थही याच पद्धतीने लावला गेला, आणि व्यवस्थापनाने बोमोहला बोलावून बळी दिल्याच्या घटना मानववंशशास्त्रज्ञ ऐह्वा ओंग यांनी नोंदवल्या आहेत. अशा प्रसंगी दोष कोणा शेजाऱ्याचा नसतो. जमिनीचा धनी रागावलेला असतो, त्याची क्षमा मागायची आणि काम पुढे चालू ठेवायचे असते. पाळलेल्या भुताच्या बाबतीत मात्र प्रत्येक आजारामागे एक माणूस उभा राहतो.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण पोलोंग हे आहे. इंग्रज अधिकारी वॉल्टर विल्यम स्कीट यांनी 1900 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनात त्याची कृती दिली आहे. खून झालेल्या माणसाचे रक्त पोट फुगीर आणि मान अरुंद असलेल्या बाटलीत भरायचे आणि त्यावर सुमारे दोन आठवडे मंत्र म्हणत राहायचे. काही दिवसांनी बाटलीतून पक्ष्यांच्या पिलांच्या चिवचिवाटासारखा आवाज येऊ लागला की पोलोंग जन्मला असे समजायचे. त्यानंतर मालक आपले बोट कापून रोज त्याला रक्त पाजतो. पोलोंगचा आकार करंगळीच्या पेराएवढ्या स्त्रीसारखा असतो अशी कल्पना आहे आणि मालकाशी त्याचे नाते मुलाचे असते, म्हणजे मालक हा त्याचा बाप किंवा आई ठरतो. रक्त पाजणे थांबले तर ते मालकावरच उलटते. ज्याच्यावर पोलोंग सोडला जातो तो माणूस भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो, कपडे फाडतो, त्याच्या अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग उठतात आणि तोंडावाटे रक्त येते.

पोलोंग एकटा जात नाही, त्याच्यापुढे पेलेसित जाते. हे रातकिड्यासारखे किंवा टोळासारखे रूप घेणारे दुसरे पाळीव भूत आहे. ते आधी रोग्याच्या शरीरात शिरून वाट करते आणि मग आवाज देऊन पोलोंगला बोलावते. पेलेसित स्वतंत्रपणेही पाळले जाते. हळदीचा भात किंवा अनामिकेचे रक्त हे त्याचे खाणे. ते तयार करण्याची पद्धत मेलेल्या तान्ह्या मुलाशी निगडित आहे आणि तिचे तपशील अत्यंत किळसवाणे आहेत. ते येथे देण्याची गरज वाटत नाही, कारण त्यांच्यापेक्षा उपचाराचा प्रसंग अधिक बोलका आहे.

बोमोह रोग्याच्या शेजारी बसतो. रोगी बदललेल्या, बारीक आवाजात बोलू लागला की आत बसलेले भूत बोलत आहे असे मानले जाते. मग विचारणा सुरू होते: तुझी आई कोण, तुझा बाप कोण, तू कोठे राहतोस, कोणी पाठवले? उत्तर मिळाले नाही किंवा उडवाउडवीचे मिळाले तर रोग्याच्या बोटांमध्ये काळी मिरी ठेवून ती दाबली जाते, त्या वेदना रोग्याला नव्हे तर भुताला होतात अशा समजुतीने. शेवटी एखादे नाव बाहेर पडते. ते नाव गावातल्याच कोणाचे तरी असते, आणि रोग्याच्या घरच्यांना ते ऐकून फारसे आश्चर्य वाटलेले नसते. पूर्वीचे भांडण, फिसकटलेली सोयरीक, जमिनीच्या बांधावरचा वाद, न फेडलेले कर्ज, यांपैकी काहीतरी आधीपासून धुमसत असते, आणि वेदनेने पिळून निघालेल्या रोग्याच्या तोंडून तेच उच्चारले जाते. ही सगळी प्रक्रिया मला कमालीची अस्वस्थ करणारी वाटते. तिच्यात दोन माणसांचा छळ होतो आणि दोघांनाही स्वतःची बाजू मांडता येत नाही. एक जण शुद्धीवर नसतो आणि दुसरा तेथे हजरच नसतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पोलोंग कसा करतात, त्याला काय खाऊ घालतात, तो कसा दिसतो, ही सगळी माहिती पाळणाऱ्यांनी दिलेली नाही. ती शेजाऱ्यांनी, मांत्रिकांनी आणि त्यांच्याकडून ऐकून लिहिणाऱ्या वसाहतकालीन अधिकाऱ्यांनी दिलेली आहे. म्हणून स्कीट किंवा त्यांच्या आधी पेराकमध्ये काम केलेले फ्रँक स्वेटनहॅम यांच्या लेखनातील वर्णने ही प्रत्यक्ष घडलेल्या कृतींची नोंद म्हणून वाचण्यापेक्षा, लोक दुसऱ्यांविषयी काय समजत होते याची नोंद म्हणून वाचणे योग्य ठरते. शिवाय सगळाच मलय समाज त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होता असेही नाही. मलाक्कात जन्मलेले लेखक मुन्शी अब्दुल्ला यांनी 1849 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या भुतांची वर्णने दिली आहेत, आणि अशा समजुतींवर कडक टीकाही केली आहे. ते स्वतः श्रद्धाळू मुसलमान होते आणि त्यांची टीका त्या श्रद्धेतूनच आलेली होती, ही बाब आवर्जून सांगितली पाहिजे.

बाजांग नावाचे भूत पोलोंगचाच एक पर्याय आहे. ते उदमांजराच्या रूपात वावरते, मृत जन्मलेल्या बालकापासून मंत्राने काढले जाते आणि पाने कोंबून तोंड बंद केलेल्या बांबूच्या नळीत ठेवून त्याला अंडी आणि दूध दिले जाते. त्याचा रोख लहान मुलांवर असतो, म्हणून मुलांच्या मनगटात काळा रेशमी दोरा बांधण्याची चाल होती. जुन्या मलय राज्यांमध्ये बाजांग पाळल्याचा आळ सिद्ध झाला असे मानले गेल्यावर त्या माणसाला जीव गमवावा लागत असे. त्याहून गंभीर बाब अशी की बाजांग हे पिढीजात समजले जाई, आणि त्यामुळे एका माणसावरचा आळ साऱ्या घराण्याला चिकटत असे. अशा घरात मुलगी द्यायला किंवा तेथून मुलगी करायला लोक कचरत असणार, हे वेगळे सांगायला नको.

वारशाची ही कल्पना हांतू राया या भुतात पूर्णत्वाला पोहोचते. हांतू राया हा पाळीव भुतांमधला सर्वांत बलवान मानला जातो. तो मालकाच्या शेताची राखण करतो, त्याला अंगी नसलेले बळ देतो, आणि मालक परगावी गेला असताना त्याचे रूप घेऊन घरी वावरतो, इतका हुबेहूब की बायकोलाही फरक कळत नाही असे सांगतात. त्याबदल्यात त्याला पिवळा चिकट भात, भाजलेली कोंबडी आणि अंडी असा नैवेद्य ठरलेल्या काळाने द्यावा लागतो. या नात्यात मोबदला दोन्ही बाजूंनी आहे, पण करार मोडण्याची मुभा मालकाला नाही. मालक मरणासन्न झाला की त्याने हे भूत कोणाच्या तरी हवाली केले पाहिजे. तसे न झाल्यास त्याचा प्राण जात नाही, शरीर झिजत राहते आणि तडफड थांबत नाही. अशा वेळी घराच्या छपराचा थोडा भाग उघडून प्राणाला वाट करून देण्याची पद्धत होती. हवाली करणेही उघडपणे होईलच असे नाही. आजोबांनी दिलेली अंगठी किंवा खंजीर नातवाने नकळत स्वीकारला तरी भुताचा ताबा बदलला असे समजतात.

अशा वारशाने आलेल्या भुताला साका म्हणतात, आणि माझ्या मते साऱ्या मलय भूतविद्येतील ही सर्वांत विचार करायला लावणारी कल्पना आहे. पूर्वजाने स्वतःच्या फायद्यासाठी एक करार केला, त्याचा लाभ कदाचित त्याच्याबरोबरच संपला, पण देणे मात्र वंशजांकडे आले. आजही मलेशियात एखादी व्यक्ती वर्षानुवर्षे निराश असेल, लग्न टिकत नसेल, घरात सतत आजारपण असेल, तर साकाचा संशय व्यक्त होतो. एका घराण्यात पिढ्यान् पिढ्या दिसणाऱ्या दुखण्याचे स्पष्टीकरण म्हणून ही कल्पना माणसाच्या मनाला का पटते ते समजू शकते, कारण तिच्यात रोग्याला दोष दिला जात नाही. त्याच वेळी मानसोपचाराची गरज असलेल्या माणसाला ती डॉक्टरांपासून दूर ठेवू शकते, आणि ही हानी काल्पनिक नाही.

तोयोल हे या कुटुंबातील सर्वांत लहान आणि आज सर्वांत लोकप्रिय भूत. ते टक्कल असलेल्या लहान मुलासारखे दिसते आणि मालकासाठी शेजाऱ्यांच्या घरातून पैसे चोरते. त्याची बुद्धी मुलाची असल्यामुळे त्याला चुकवणेही सोपे मानले जाते: पैशाच्या पेटीजवळ हिरवे मूग किंवा गोट्या पसरून ठेवल्या की ते खेळण्यात रमते आणि चोरी विसरते. जावामध्ये याच भुताला तुयुल म्हणतात. 1950 च्या दशकात पूर्व जावातील एका छोट्या शहरात राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्त्झ यांना, तुयुल पाळल्याचा संशय व्यापारात एकाएकी वर आलेल्या लोकांवर घेतला जातो असे आढळले. त्यामागचा हिशेब सरळ आहे. गावातला पैसा ठरावीकच आहे अशी धारणा असेल, तर एकाची भरभराट म्हणजे दुसऱ्यांच्या घरातून काहीतरी गेलेच असणार. तोयोलच्या रूपाने त्या गेलेल्या पैशाला पाय फुटतात. काळ्या विद्येचे आरोप गरीब आणि एकाकी माणसांवर होतात हे खरे, पण मलय जगात ते नव्या श्रीमंतांवरही होतात, आणि हे वैशिष्ट्य ठळकपणे लक्षात घेण्यासारखे आहे.

भुताशिवाय चालणाऱ्या विद्याही आहेत. त्यांतील सान्ताऊ ही प्रत्यक्षात विषप्रयोगाशी मिळतीजुळती आहे; कुटलेली काच, बांबूवरची खाजरी लव आणि विषारी प्राण्यांचे अंश अन्नात मिसळून दिले जातात अशी तिची वर्णने आहेत, आणि नंतर तिला वाऱ्यावरून पाठवण्याच्या मंत्राची जोड मिळाली. सुसुकमध्ये सोन्याच्या किंवा हिऱ्याच्या बारीक सुया चेहऱ्याच्या त्वचेखाली घातल्या जातात, सौंदर्य आणि आकर्षण वाढावे म्हणून. ही गोष्ट मात्र निखालस खरी आहे, कारण दंतवैद्यांनी भलत्याच कारणाने काढलेल्या क्ष-किरण चित्रांत या सुया अनेकदा दिसल्या आहेत आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्यांची नोंद झाली आहे. येथेही मरणाची अट आहेच: मृत्यूपूर्वी सुया काढल्या नाहीत तर माणूस सुखाने मरत नाही.

या साऱ्या समजुतींचा फायदा घेणारे लोक किती दूर जाऊ शकतात हे 1993 मध्ये मलेशियाने पाहिले. मोना फांडी या नावाने गाणारी आणि पुढे बोमोह बनलेली स्त्री, तिचा नवरा आणि त्यांचा मदतनीस यांनी पाहांग राज्यातील आमदार मझलान इद्रिस यांना राजकीय सामर्थ्य देणारा ताईत देण्याचे आश्वासन दिले, मोठी रक्कम घेतली आणि विधीच्या नावाखाली त्यांना जमिनीवर निजवून कुऱ्हाडीने ठार मारले. तिघांना 2001 च्या नोव्हेंबरमध्ये फाशी झाली. या प्रकरणात बळी गेलेला माणूस अडाणी खेडूत नव्हता, तर निवडून आलेला लोकप्रतिनिधी होता, आणि सत्तेची ओढ असलेल्यालाही ही विद्या कशी भुरळ घालते ते त्यातून दिसले.

उलट्या बाजूचा हिंसाचार त्याहून व्यापक असतो, आणि त्याची आठवण ठेवणे मला अधिक गरजेचे वाटते. 1998 मध्ये इंडोनेशियातील सत्तापालटाच्या अस्थिर काळात पूर्व जावाच्या बान्युवांगी भागात काळी विद्या करतात अशा संशयावरून शंभराहून अधिक लोकांना जमावांनी आणि मारेकऱ्यांनी ठार केले. कायद्याने या प्रश्नाला हात घालायचा तर कसा, हे म्हणूनच अवघड आहे. जादू खरी धरून शिक्षा ठेवली तर आळ घेणाऱ्यांचे फावते. डिसेंबर 2022 मध्ये मंजूर झालेल्या इंडोनेशियाच्या नव्या दंडसंहितेत अलौकिक शक्ती असल्याचा दावा करून दुसऱ्याला इजा करण्याची सेवा देऊ करणे हा गुन्हा ठरवला आहे. म्हणजे जादू सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, दावा आणि देवघेव पुरेशी आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही अनेक कलमे अलौकिक शक्तीच्या दाव्यावर आणि त्यातून होणाऱ्या फसवणुकीवर व छळावर बेतलेली आहेत, आणि आळ घेऊन एखाद्याला छळणे हादेखील त्यात गुन्हा आहे. या शेवटच्या तरतुदीचे मोल बान्युवांगीच्या पार्श्वभूमीवर नीट कळते.

मलेशियात या क्षेत्राचा ताबा गेल्या काही दशकांत बऱ्याच अंशी इस्लामी पद्धतीच्या उपचारकांकडे गेला आहे. हारून दीन या धर्मपंडितांनी उभी केलेली दारुस्सिफा ही संस्था त्यांतील सर्वांत परिचित आहे. तेथे नैवेद्य, बळी आणि भुताशी सौदा या गोष्टींना थारा नाही. कुराणातील वचने म्हणणे, ती वचने म्हटलेले पाणी पिणे आणि प्रार्थना यांवर भर असतो. जुन्या पद्धतीच्या बोमोहला धर्मसंस्था किती नाकारतात हे मार्च 2014 मध्ये दिसले. बेपत्ता झालेल्या एमएच 370 विमानाचा शोध घेण्यासाठी एका बोमोहने क्वालालंपूरच्या विमानतळावर नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विधी केला, आणि धार्मिक अधिकाऱ्यांनी त्याचा तीव्र निषेध केला. तरीही भूत असते, जिन्न माणसाला पछाडतो आणि साका वारशाने येते, या गोष्टी नवे उपचारकही नाकारत नाहीत. पोलोंग, पेलेसित आणि हांतू राया हे सारे आता जिन्नांचेच प्रकार म्हणून समजावले जातात, आणि मालकाशी झालेला करार हा अल्लाशी केलेला द्रोह ठरतो.

फरक पडला आहे तो नाव विचारण्याच्या बाबतीत. पाठवणाऱ्याचे नाव काढून घेणे हा जुन्या उपचाराचा गाभा होता. नव्या उपचारकांपैकी अनेक जण मात्र ते नाव विचारण्याचे किंवा सांगण्याचे टाळतात, कारण जिन्न खोटे बोलतो आणि निरपराध माणसावर आळ घेणे हे इस्लाममध्ये मोठे पाप आहे, अशी त्यांची भूमिका असते. सगळेच हे पथ्य पाळतात असे नाही, आणि रोग्याचे नातेवाईक तर नावासाठी हटून बसतात. उपचार कुराणाचा आहे की मिरीचा, यापेक्षा त्या खोलीत एखाद्या शेजाऱ्याचे नाव उच्चारले जाते की नाही, यावर त्या शेजाऱ्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.